केराबाई कोकरं पाजतात

नातेपुत्याच्या माळावर केराबाईंशी वाद घालून कुणी जिंकलं नव्हतं. नवरा हरला, दीर हरले, एकदा लांडगाही हरला. म्हणून सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मेंदूचे फोटो उजेडाला धरले, तेव्हा मुलगा शहाजी घाबरला आणि केराबाई नुसत्या चिडल्या.

“आजी, आज घडलेलं आधी मेंदूतल्या एका बारक्या भागात उतरतं,” बाई सांगत होत्या. “मग मुरत मुरत पक्कं होतं आणि बाकीच्या मेंदूत साठतं. तुमचा तो बारका भाग झिजलाय. म्हणून सकाळचं दुपारी आठवत नाही. जुनं उशिरा जाईल. हातांची सवय त्याहून उशिरा.”

“पर जाईल?”

“हळूहळू जाईल.”

खोटा धीर दिला नाही, म्हणून केराबाईंना बाई आवडल्या.

शहाजीनं मात्र मेंढरं विकायचं ठरवून टाकलं. कारणही तसंच होतं. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की घरी कोंडलेली कोकरं एकेक करून दूध प्यायला आपापल्या आईला लावायची, हे काम केराबाईंचं. कुणाचं कोकरू कुठलं, त्यांना तोंडावरून कळायचं. गेल्या आठवड्यात त्यांनी एक कोकरू भलत्याच मेंढीला लावलं. मेंढी परकं पोर खपवून घेत नाही. तिनं दिलेल्या धडकेत कोकराचा पाय मोडला. वर दुसऱ्या दिवशी केराबाईंनीच, ह्याचा पाय कुणी मोडला म्हणून, साऱ्या घराला शिव्या घातल्या.

“रविवारी बाजारात नेतो,” घरी आल्यावर शहाजी म्हणाला. “आये, तुज्याच्यानं आता व्हणार न्हाय.”

“डोस्कं माजं झिजलंय. मेंढीचं झिजलंय व्हय?”

त्या संध्याकाळी त्यांनी कोकरं लावली नाहीत. कोंडवाड्याचं दार किलकिलं धरून थोडी थोडी बाहेर सोडली. मेंढ्या हुंगत आल्या आणि जिचं तिनं ओळखलं. परक्याला धडक बसायच्या आत केराबाई त्याला मागं ओढत होत्या. तेवढं हातांना अजून येत होतं. रोजच्यापेक्षा लई वेळ लागला, लुगडं लेंड्यांनी भरलं, पण पाय कुणाचा मोडला नाही.

“आज जमलं,” शहाजी म्हणाला. “उद्या हे बी इसरशील. मलाच इसरलीस तर?”

खरी भीती ही होती, मेंढरांचं नुसतं निमित्त. सकाळी एस्टीत त्याचं नाव केराबाईंना काही केल्या सापडत नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

“इसरंन की. कुटल्या गावचा पावना म्हणून इच्चारंन. तवा रडत बसू नगंस, नाव बी सांगू नगंस. असा माज्याम्होरं येऊन बस.” त्यांनी त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. “मेंढी कुटं नाव इच्चारती?”

रविवारी शहाजी बाजारात गेला आणि कोकरांसाठी पेंडीचं पोतं घेऊन परत आला. दारात केराबाई काठी घेऊन उभ्या होत्या. झालेलं सगळं त्या विसरल्या होत्या, भांडण तेवढं पक्कं आठवत होतं.

“मेंढरं इकायची न्हायत,” त्यांनी बजावलं.

“न्हाय इकत, आये,” शहाजी म्हणाला आणि पोतं टाकून त्यांच्यासमोर जाऊन बसला.