अळणी पेज

माझ्या सासूनं रोज चिमूटभर मीठ घालून माझा नवरा मारलाच असता.

त्याच्यावर तिचा जीव होता, म्हणून.

आज यांना जाऊन बावीस वर्षं झाली. रडगाणं लिहीत नाही. एका बोटानं टाइप करतेय, चुका पोटात घाला.

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आमगावजवळ आमची धानाची शेती. लग्नाला दुसरंच वर्ष. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली आणि यांचे पाय सुजले. मग चेहराही. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा.

गोंदियाच्या डॉक्टरांनी लघवी तपासली.

"किडनी में सूजन है. नमक बिलकुल बंद. पापड, अचार, सूखी मछली, सब बंद. नहीं तो बचना मुश्किल."

मी शाळेत गेले नव्हते. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले होते. डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद घरी पोचेपर्यंत तीनदा वाचला.

सूज उतरते की नाही, हे कसं कळणार? घरी वजनकाटा नव्हता.

आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तलावात, सासऱ्यांनी एक खुंटी रोवली होती. पाणी किती उतरलं ते तिच्यावरून पाहायचे. मीही तसंच केलं. रोज सकाळी यांच्या घोट्याभोवती दोरा गुंडाळायचा, टोक जुळलं तिथं कापायचा आणि भिंतीला ओळीनं लटकवायचा.

चार दिवस दोरे आखूड होत गेले.

पाचव्या दिवसापासून पुन्हा लांब.

मला यांचाच संशय आला. "चोरून लोणचं खाता ना?"

"लोणचं कायले पायजे? भाजीत मीठ नाही, पण तुया जिभेवर हाये ना भरपूर!"

मी भांडले. खरं तर घाबरले होते.

एका सकाळी यांनी अर्धी टाकलेली पेज मी चाखून पाहिली.

खारी.

पेज सासूबाईच द्यायच्या. मी त्यांना मामीजी म्हणायची.

"मामीजी, पेजेत मीठ टाकता का?"

"टाकून राहिली. मंग?"

"डॉक्टर नाही म्हणाले होते ना?"

"डॉक्टरले का समजते? घरात कोणी मेलं का आपण तीन दिवस अळणी खातो. माया लेक जिता हाये. त्याले मेल्याघरचं जेवण काऊन वाढू?"

मी त्यांचा हात धरून भिंतीपाशी नेलं. एकेक दोरा दाखवला. हा पहिल्या दिवसाचा, हा चौथ्याचा, हा आजचा.

"मामीजी, मीठ अंगात पाणी धरून ठेवते. कागदावर लिहिलंय."

त्यांना कागद वाचता येत नव्हता. पण त्यांचं माहेर तलाव बांधणाऱ्यांचं. दोन्ही दोरे, आखूड आणि लांब, त्यांनी शेजारी धरून पाहिले. पुन्हा पाहिले.

"म्हंजे मीठ म्हंजे तलावाचं पाणी अडवणारी पार," त्या हळूच म्हणाल्या. "आन् मीच ते बांधून राहिली व्हती."

त्या दिवशी जेवायला त्या यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"मलेबी अळणीच वाढ. रोज दोघंबी खाऊ. मंग ते मेल्याघरचं नाही, आपलं रोजचं जेवण."

मग मीही तेच खाऊ लागले. लिंबू, लसूण, हिरवी मिरची. भागायचं.

दिवाळीपर्यंत यांच्या घोट्याचं हाड दिसू लागलं. मामीजींनी ते दाबून पाहिलं, खड्डा पडला नाही, तेव्हा यांना एक टपली मारली. बस, तेवढंच.

दुखणं मुळातून गेलं नाही. पुढे बीपी आलं, गोळ्या आल्या. थोडं मीठ परत मिळालं, तेही चमच्यानं मोजून. त्यातलं सोडियम पाणी धरतं, हे मी खूप नंतर वाचलं. तसंच आम्ही संसार केला, आणि चांगला केला.

हल्ली दुकानात लो-सोडियम मीठ मिळतं. त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं. किडनीच्या माणसानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एवढं मात्र शेअर करा.

हे गेले तेव्हा रीतीप्रमाणे तीन दिवस चूल अळणी होती. पाहुण्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी पोटभर जेवले. बाया बघत राहिल्या.

त्यांना ते सुतकाचं होतं. मला आमचं रोजचं.

आज पेज केली आहे. मीठ घातलं नाही.

अहो, सुखात ठेवलंत मला. नमस्कार करते.