‘थांबा’ सांगितलेलं स्टेशन

एका रविवारी धायरीजवळच्या टेकडीवर मी हौशी रेडिओचा, म्हणजे इतर हौशी लोकांशी बिनतारी बोलण्याचा, सेट लावला आणि पावणेअकराच्या सुमारास सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांना ‘थांबा’ सांगून विसरून गेलो. परवाना मिळाल्यानंतरची त्यांची ती पहिलीच हाक होती. तसं त्यांनी सांगितलंही होतं. त्यांची एरियल गॅलरीत बांधलेली होती, त्यामुळे आवाज क्षीण येत होता. पुण्यातला माणूस केव्हाही मिळेल, असं धरून मी आधी लांबची स्टेशनं, म्हणजे परगावचे हौशी, बोलायला घेत राहिलो. दुपारी बॅटरी उतरल्यावर सगळं आवरून खाली आलो.

संध्याकाळी, ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्या वहीत त्यांची नोंद सापडेना, तेव्हा चूक लक्षात आली. पत्ता शोधून मी त्यांच्या घरी गेलो.

“माफ करा, गडबडीत राहून गेलं.”

“गडबड होतीच की. ऐकत होतो ना मी. बाकीच्यांशी आपण फार छान बोलत होतात,” ते म्हणाले. “दीड वाजता हिनं जेवायला उठवलं.”

पुढच्या रविवारी त्याच टेकडीवरून मी फक्त त्यांनाच हाक देत राहिलो. उत्तर आलं नाही. सोमवारी फोन केला. तो त्यांच्या पत्नीनं उचलला. सेट त्यांनी बुधवारीच दुकानात परत केला होता.