अर्ध्या कपाचे व्याही

आमचे व्याही पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी दिलेला चहा त्यांनी उभ्या उभ्या एका दमात संपवला, कप माझ्या हातात दिला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. दौंडला रेल्वेतून उतरून, जीपमधून धक्के खात तळेगावपर्यंत आलेला माणूस टेकतसुद्धा नाही, याला काय म्हणावं? मी आणि आमचे हे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चहात साखर जास्त झाली असेल, असं हे म्हणाले. या माणसाला कुठल्याही प्रसंगात साखरच दिसते.

व्याही म्हणजे दुआनमामा, चीनमधल्या दालीचे. आमचा निलेश डॉक्टरकी शिकायला तिकडे गेला आणि बरोबर शिकणारी एक मुलगी पसंत करून बसला. तिच्या नावाचा अर्थ सोनफूल, म्हणून आम्ही तिला सोनू म्हणू लागलो; मराठी ती निलेशकडूनच शिकली. ही माणसं चीनमधली असली तरी बाय समाजाची. त्यांची भाषा निराळी, देव निराळे, अंगावर पांढऱ्या कपड्यांची हौस. मामांचा धंदा कापड रंगवण्याचा. कापडाला दोऱ्यानं गाठी मारायच्या, निळीच्या पिंपात बुडवायचं आणि गाठी सोडल्या की पांढरी नक्षी उमटते. पिंपातला रंग रोज ढवळावा लागतो, म्हणून विहीणबाई मागेच राहिल्या होत्या. मामांची नखं कायमची निळी. पहिल्या दिवशी ती पाहून मला वाटलं, माणसाला काहीतरी लागलंय.

ते घर बघायला आले होते. निलेशनं मला आधीच बजावलं होतं की सोनूच्या बाबांनी नाही म्हटलं तर ती लग्न करणार नाही. त्यामुळे मी जीव ओतून पाहुणचार करत होते. आमच्याकडे चहा बशीत सांडल्याशिवाय दिल्यासारखा वाटत नाही. मी काठोकाठ भरून द्यायची आणि मामा पिऊन उठायचे. भावकीत चार घरी नेलं, चारही घरी तेच झालं. बाकी माणूस हसतमुख. बसल्या जागी खिशातला दोरा काढून रुमालाला गाठी मारत राहायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. चहा आला की मात्र चेहरा उतरायचा. चहाचं आणि यांचं काय वाकडं आहे, ते मला कळेना. सोनू असती तर विचारलं असतं, पण ती दिवसभर निलेशबरोबर शिरूरच्या दवाखान्यात कामाला. संध्याकाळी आली की बापाचा उतरलेला चेहरा बघून तीही तोंड पाडून खोलीत जायची, मग विचारायचा मला धीर व्हायचा नाही. आमचं घर त्यांना आवडलं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

एकदाच त्यांना खुललेलं पाहिलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे कवठ्याला येमाईच्या दर्शनाला गेलो होतो. मामा देवीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी सोनूकरवी मला विचारलं, "तुमची देवी आधी कोण होती?"

मला प्रश्नच कळला नाही. देवी देवीच होती, आधी कोण असणार? मग सोनूनं सांगितलं की त्यांच्याकडे प्रत्येक गावाचा आपला एक देव असतो. कुठे तो त्याच गावातला लढवय्या माणूस असतो, कुठे आणखी कुणी. शेजारच्या गावचा देव तर म्हणे झाडाचा एक ओंडका, पुराच्या वेळी आडवा पडून त्यानं गाव वाचवलं. देवाला बायको असते, देव रुसतो, वर्षातून एकदा मिरवत बाहेर पडतो. मी म्हटलं, आमच्याही देवाची पालखी निघते. हे ऐकून मामांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ बोलत राहिले. सोनूनं त्यातलं एकच वाक्य मराठीत आणलं, "बाबा म्हणतात, गावाला देव आहे, मग काळजी नाही." मला वाटलं, जमलं. घरी येऊन सोनू कपडे बदलते तोवर मी आनंदानं आणखी मोठ्या कपात चहा भरून दिला. मामा उठून अंगणात गेले.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी खुणेनं सांगितलं की आज चहा मी करणार. आमचे चुलत सासरे आप्पा, भावकीतली दोन-तीन वडीलधारी माणसं ओटीवर जमली. सोनू-निलेश शिरूरहून यायचे होते. मामांनी मातीचं छोटं भांडं चुलीवर तापवलं, त्यात चहाची पानं भाजली आणि वरून पाणी ओतलं तसा फस्सकन आवाज झाला. घरभर करपल्यासारखा वास. मग एकेकाला अर्धा अर्धा कप दिला. दूध नाही, साखर नाही, कडू जहर. आप्पांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"सूनबाई, मानूस काय बोलंना, पर कळतंय की. अर्धा कप आन् तोबी कडू. पोरगी द्यायची न्हाई त्याला." आप्पा उठले. त्यांच्यामागे सगळे उठले. मामा भांडं हातात धरून बघत राहिले. पुन्हा पुन्हा एकच काहीतरी बोलत होते, हातानं थांबा थांबा करत होते, पण ते समजणार कोणाला? त्या रात्री सोनू-निलेश उशिरा आले, त्यांना मी काही सांगितलं नाही आणि जेवलेही नाही. मला फार वाईट वाटत होतं आणि नेमकं कशाचं, तेही सांगता येत नव्हतं.

सकाळी मामा पिशवी भरून तयार. मी आधण ठेवलं आणि पाहते तर आमच्या ह्यांनी सगळं दूध डेअरीला घालून टाकलेलं. भांड्याच्या तळाशी राहिलं होतं तेवढ्यात जेमतेम अर्धा कप चहा झाला. जाणाऱ्या पाहुण्याला अर्धा कप! लाजेनं मान खाली घालून मी तो पुढे केला.

मामांनी कपात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि जमिनीवर मांडी घालून बसले. सावकाश चहा प्यायले आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला. मी कोरा चहा केला, घाबरत अर्धाच दिला. ते हसले. मग मात्र ते उठायलाच तयार होईनात. मी सोनूला हाक मारली.

सोनूनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आई, आमच्याकडे चहा अर्धाच देतात. अर्धा म्हणजे बसा, अजून देते. भरून दिला म्हणजे चहा संपला, आता निघा." म्हणजे मी त्या माणसाला इतके दिवस चार-चार वेळा घराबाहेर काढत होते. आणि कालचं काय? तर त्यांच्यात पाहुण्याला तीन चहा देतात. पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा मागून चव येणारा. आमची भावकी पहिल्यावरच उठून गेली होती. मामा काल पुन्हा पुन्हा सांगत होते ते एवढंच, "अजून व्हायचंय."

आप्पांना पुन्हा बोलावलं. ते कुरकुरत आले. मामांनी दुसऱ्या चहात आमच्या गुऱ्हाळाचा गूळ घातला, अक्रोड घातले आणि दुधाचे वाळवलेले पापड कुस्करून टाकले. तिसऱ्यात मध, आलं, दालचिनी आणि जिभेला मुंग्या आणणारी कसली तरी मिरी. आप्पांनी तो पिऊन ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "व्हय, मागनं येतीय चव." लग्न असं ठरलं.

दौंड स्टेशनवर गाडी यायच्या आधी मामांनी मला रुमाल दिला, निळ्यावर पांढरी फुलं. कोणत्या गाठीतून कोणतं फूल उमटलं ते मला अजून कळलेलं नाही. मी स्टॉलवरून त्यांच्यासाठी चहा घेतला आणि अर्धा ओतून टाकला, हे चिडलेच. मामांनी कप डोळ्यांना लावला. नंतर दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. निलेश-सोनू धावले, मी जाऊ शकले नाही. एवढ्या लांबच्या, भाषा न कळणाऱ्या माणसासाठी मी सख्खा भाऊ गेल्यासारखी रडले.

यंदा नातीच्या बारशाला विहीणबाई आल्या. त्यांची नखंही निळीच. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. बशीत ओघळलेला.

माझ्याच घरात या मला जा म्हणतायत? मामा गेले त्याचा राग असेल का? मी तिकडे गेले नाही म्हणून? मी कप उचलला, उभ्या उभ्या संपवला आणि चपला घालून अंगणात जाऊन आंब्याखाली उभी राहिले.

सोनू बाळाला घेऊन धावत आली. "आई, कुठे निघालात? बाबांनी आईला सांगून ठेवलं होतं. तळेगावला गेलीस तर विहीणबाईंना कप भरून दे. सांडू दे. ती माणसं माया करतात तेव्हा सांडतात."

मी आत गेले. विहीणबाई घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या, हातात किटली. मी खाली मांडी घातली आणि रिकामा कप पुढे केला. त्यांनी तो किती भरावा, हे त्यांना कळत नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं.