टिटवीतला उजेड

बायकोलाही कधी बोललो नाही हे. ती गेली तेव्हा वाटलं, सुटलो, आता कुणाला सांगायची गरज नाही. पण सुटतं का असं? तुम्ही ऐकताय, तर सांगतो. मध्ये अडखळलो, तर अडखळू द्या.

घाटकोपरला माझं फोटोचं दुकान होतं. पुढे काचेचं शोकेस, मागे डार्करूम. वसंता परब माझा शाळेपासूनचा दोस्त, गिरणीत फिटर. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा मुलुंडच्या एका गाळ्यात त्याने कॅमेरे बनवायला घेतले. काळे, साधे, डब्यासारखे. नाव ठेवलं — टिटवी. फोटो स्वच्छ यायचे हो! पण घेणार कोण? गिऱ्हाईक पायरी चढतानाच मोठ्या कंपनीचं नाव घ्यायचं.

"तुझ्या काचेत जागा दे रे," वसंता म्हणाला. "लोकांच्या नजरेस तरी पडू दे बिचारी."

दिली. अगदी मधोमध.

मोठ्या कंपनीचा विक्रेता ते बघून हसायचा. "काय शेठ, देवघरात रॉकेलचा डबा?" त्याने मला दिव्याची पाटी देऊ केली होती — दुकानाच्या नावाची, स्टेशनवरून दिसेल अशी. अट एकच. मधली जागा त्यांची.

मी नाही म्हणालो नव्हतो. हो-ही म्हणालो नव्हतो.

मनोरीच्या एका कोळ्याने टिटवी नेली आणि मुलीच्या बारशाचा रोल धुवायला आणून दिला. मी डार्करूममध्ये होतो, फिल्म उघडी हातात, आणि बाहेरून विक्रेत्याची हाक आली — "शेठ, पाटी आणलीय, बघा तरी!" मी दार उघडलं. फिल्म हातात असताना दार उघडलं! नवशिक्यानेही केलं नसतं. अख्खा रोल काळा पडला.

कोळी आला. "एक पन नाय?" त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं सांगता आलं नाही. म्हणालो, "कॅमेऱ्यात उजेड शिरतोय." विक्रेता शेजारीच उभा होता. मग काय — बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दुकानादुकानात त्याने तेच पसरवलं. टिटवीत उजेड शिरतो.

एवढंच असतं तर मी म्हातारपणी तुमच्यापुढे बसलो नसतो. भीतीपोटी माणूस खोटं बोलतो. पण नंतर?

नंतर वसंता आला. चिडलाही नाही. कोळ्याने परत केलेला तोच कॅमेरा त्याने घेतला, आत बॅटरीचा बारीक दिवा लावून बंद केला आणि मला म्हणाला, चल, तुझ्या डार्करूममध्ये बघू — उजेड आत शिरत असेल, तर आतला बाहेरही दिसेल. आम्ही दोघं अंधारात खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. तो कॅमेरा हळूहळू फिरवत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"माका कायच दिसणा नाय," तो गावच्या मालवणीत म्हणाला. "तुका दिसता काय रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंधार होता. तोंडही दिसलं नसतं.

मी म्हणालो, "दिसतंय. बिजागरीपाशी. बारीकसं."

त्याने माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. दुकानादुकानातून टिटव्या स्वतः परत आणल्या, बिजागऱ्यांना मखमल चिकटवली, पुन्हापुन्हा दिवे लावून बघितले. साचे भंगारात गेले. आपलीच नजर अधू झाली असं समजून चष्म्याचे नंबर बदलत राहिला. माझी पाटी मात्र लागली. लांबून दिसायची.

शेवटी त्याला भेटायला गेलो, तेव्हा अंथरुणातून म्हणाला, "तुका दिसलो तो उजेड. माका काय गावलो नाय."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि निघून आलो.

तिथे काही नव्हतं, वसंता. मिट्ट काळोख होता.