आईनं आपल्या नावावर घेतलेलं पाप

माझे वडील प्रार्थना फार सुंदर करत. धुळ्याहून बदली होऊन आम्ही जळगावला आलो आणि मेहरूणकडे दोन खोल्यांत राहायला लागलो, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांना त्यांचं नावसुद्धा नीट ठाऊक नव्हतं. पण एका रविवारी पाळकांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितली, त्यांनी डोळे मिटले, आवाज खाली घेतला, हळूहळू चढवत नेला, आणि उपासना संपेपर्यंत पुढच्या बाकावरच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. वर्षभरात त्यांना पंच केलं. शाळेत ते साधे शिक्षक होते, हेडमास्तर त्यांना उभ्या उभ्या झापत, पण देवळात, आमच्यात चर्चला देऊळच म्हणत, त्यांचा शब्द चाले. आईचं तसं नव्हतं. ती साक्रीकडची, बोलायला आखूड. तिची प्रार्थना दोन वाक्यांत आटपे आणि ती लगेच भाजी चिरायला बसे.

माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला ताप आला तो उतरेचना. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. ताप उतरे आणि पुन्हा चढे. मंडळीचे लोक घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. आईची एक मावसबहीण धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नर्स होती. पोरीला तिच्याकडे घेऊन जाऊ, असा धोशा आईनं लावला. वडील नाही म्हणाले. प्रभू इथंही बरं करू शकतो, असं त्यांचं म्हणणं. आई रडायला लागली की ते म्हणत, हे रडणं म्हणजे अविश्वास आहे, विश्वास ठेव. आईनं विश्वास ठेवला. म्हणजे ती गप्प बसली, आणि आमच्या घरात त्याला विश्वासच म्हणत.

मग एका शनिवारी शाळेच्या कामासाठी पाचोऱ्याला जातो असं सांगून वडील सकाळी बाहेर पडले. संध्याकाळी आले ते घामेजलेले, चोरट्यासारखे. मी बहिणीला चमच्यानं पाणी पाजत होते. त्यांनी खिशातून काळा दोरा काढला. त्यात तांब्याचा छोटा ताईत ओवलेला होता आणि दोऱ्याला हळद लागलेली होती. धरणगावच्या अलीकडे एक भगत होता, त्याच्याकडून त्यांनी तो आणला होता. त्यांनी बहिणीचा झगा वर केला आणि तो दोरा तिच्या कमरेला बांधला. गाठ बसत नव्हती.

इथं एक सांगायला हवं. आजूबाजूच्या प्रत्येक घरात लेकरांच्या कमरेला करदोडा असे. आमच्या कमरा तेवढ्या मोकळ्या. विहिरीवर उघडी आंघोळ करणारी पोरं बघून कोणीही सांगू शके की हे किरिस्तावाचं आहे. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळ्यात आधी करदोडाच तोडला होता, आणि वडील ही गोष्ट देवळात आपल्या विश्वासाची साक्ष देताना दर वेळी सांगत. अशा माणसानं आपल्या लेकीच्या कमरेला भगताचा दोरा बांधला.

आई दारात उभी होती. हे काय, एवढंच तिनं विचारलं. औषधच समज, असं वडील म्हणाले. वडिलांकडे बघताना तिचा चेहरा जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याची भीती वाटली. विश्वास नव्हताच तर धुळ्याला का नेलं नाही, हे तिनं तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं. कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिनं विचारलं नाही, आणि चार दिवसांनी बहीण गेली.

आंघोळ घालायला पाळकबाई आणि महिला मंडळाच्या दोघी आल्या. पाळकबाई म्हणजे पाळकांची बायको. त्यांनी झगा काढला आणि हात मागे घेतला. पाणी ओतणं थांबलं. त्यांनी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

वडील अंगणात पेटीच्या मापाचं सुताराशी बोलत होते. त्यांनी ते ऐकलं, कारण ते बोलायचे थांबले आणि दारापर्यंत आले. आई खाली बसलेली होती. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते बोलतील याची ती वाट बघत होती हे मला, अकरा वर्षांच्या पोरीला, कळलं. त्यांना कळलं नाही असं मी मानत नाही. त्यांनी उंबऱ्याकडे नजर वळवली.

"मी," आई म्हणाली.

पाळकबाईंनी कात्री मागवली, दोरा कापला आणि चिमटीत धरून गटारीत टाकून आल्या. मग हात साबणानं धुतले. कब्रस्तानात पाळकांनी संदेश दिला तो बायबलातल्या, छावणीत लपवलेल्या शापित वस्तूवर, जिच्यामुळे सगळ्यांवर देवाचा कोप झाला. नाव कोणाचं घेतलं नाही, पण सगळे आईकडेच बघत होते. तिच्या पोरीवर अजून पुरती माती पडली नव्हती. मला त्या माणसाचा आजही राग येतो. तो आता हयात नाही म्हणून राग कमी होत नाही.

पुढं पंचांची बैठक झाली आणि आईला शिस्तीखाली घेतलं. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. शिस्तीखाली घेतलेल्या माणसाला देवळात यावं लागतं, पण मागच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजन घ्यायचं नाही. पापाची कबुली सगळ्यांसमोर उभं राहून दिली की मग क्षमा होते आणि माणूस पुन्हा पुढं येतो. ठरावाच्या बाजूनं सगळ्या पंचांनी हात वर केले. त्यात वडिलांचा हात होता. घरी येऊन त्यांनीच हे सांगितलं. आई पीठ मळत होती. चांगलं केलंत, असं म्हणून ती मळत राहिली.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. त्या काळी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची, रस्ते ओस पडलेले असायचे, आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या रस्त्यानं देवळात जायचो. पंच म्हणून भाकरीच्या तुकड्यांचं तबक फिरवायचं काम वडिलांकडे होतं. ते एकेका बाकाशी थांबत, तबक पुढं करत, असं करत शेवटच्या बाकाशी येत. तिथं आई असे. तिच्यासमोरून ते तबक तसंच पुढं नेत. आई त्या वेळी मान खाली घालत नसे. ती त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

आणि द्राक्षारस म्हणून जो पेल्यांतून दिला जाई तो काळ्या मनुकांचा काढा आमच्याच घरी उकळत असे. पहिल्यापासून ते काम आईचं होतं. शिस्त लागल्यावर ते दुसऱ्या बाईकडे दिलं, तिनं एकदा करपवलं, एकदा पाणचट केलं. तेव्हा पाळकबाई घरी येऊन म्हणाल्या की शिस्त तुझ्या तोंडाला आहे, हाताला नाही. आईनं पुन्हा मनुका उकळायला सुरुवात केली. चवीपुरतासुद्धा थेंब ती जिभेवर घेत नसे. मी चाखून सांगायचे.

या सगळ्यापेक्षा वाईट असायच्या त्या घरोघरच्या प्रार्थना सभा. आमच्या लोकांना तोंडावर भांडायची चोरी, पण प्रार्थनेत काहीही बोलता येतं. डोळे मिटायचे आणि देवाला सांगतोय असं दाखवत शेजारच्याला सांगायचं. त्याला उत्तर देता येत नाही, मधे बोलता येत नाही. आमच्या घरी सभा झाली तेव्हा पाळकबाईंनी प्रार्थना केली ती मला अजून पाठ आहे. "हे प्रभू, तू या घरातलं निष्पाप लेकरू उचललंस ते आईचे डोळे उघडावेत म्हणून. तिचं मन दगडाचं झालंय. अजून एक लेकरू तिच्यापाशी आहे, हे तिला आठवू दे." ते दुसरं लेकरू मी. मी डोळे उघडले. आईचेही उघडे होते. ती वडिलांकडे बघत होती आणि वडिलांनी डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. शेवटी त्यांची पाळी आली. देवा, असं म्हणून ते अडकले. पुढं काही येईना. नुसते हुंदके. बायकोच्या पापासाठी कसा तळमळतो हा माणूस, असं जाता जाता बायका एकमेकींत बोलल्या.

मी एकदा पाळकबाईंना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी माझ्या गालावर चापट मारली. आईला वाचवायला बापावर घालतेस, एवढ्या देवमाणसावर, असं म्हणाल्या आणि घरी येऊन आईला सांगितलं. आईनं मला लाटण्यानं झोडपलं. हे तुझं काम नाही, असं ती मारताना म्हणत होती. वडील ओट्यावर बसून ऐकत होते.

त्यांची रया गेली होती. शाळेतून आले की ते धान्याच्या कोठीआड गुडघे टेकून बसत. पूर्वीची लांबलचक, चढत जाणारी प्रार्थना आता नव्हती. नुसतं दया कर, दया कर. मला त्यांची दया यायची आणि किळसही यायची, दोन्ही एकदम. देवानं त्यांना क्षमा केली असेल असं मला वाटतं. देवाला काय, तो लांब असतो. पण वडिलांना ते माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. ते आईला म्हणायचे, मी सांगून टाकतो. आई म्हणायची, सांगा की, तुमचं तोंड कोणी धरलंय? ते सांगत नसत. आणि दर पहिल्या रविवारी जेवायला वाढताना आई अगदी साध्या आवाजात विचारायची, "आज पण नाही झालं का?" मीठ हवं का, असं विचारावं तशी.

असं करत ते वर्ष सरलं. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, वडील लवकर उठले, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. चेहरा उतरलेला, पण शांत. ते आईला म्हणाले, "आज सांगतो. पाळकांकडून साक्षीसाठी वेळ मागून घेतलाय. तू बाकावरून उठू नकोस." आईनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. मला वाटलं, संपलं एकदाचं. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

उपासनेत पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. पुढच्या बाकावरून वडील उठायला लागले. ते अर्धे उठले असतील, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. मला कबुली द्यायची आहे, असं ती म्हणत होती. सगळं देऊळ मागे वळलं. वर्षभर ज्याची वाट बघत होते ते आता होणार म्हणून लोकांचे चेहरे उजळले.

"ताईत मी आणला," आई म्हणाली. "हे पोरीला धुळ्याला नेऊ म्हणत होते, मी नेऊ दिलं नाही. विश्वास ठेवा म्हटलं. रडणाऱ्याला मी अविश्वासी म्हटलं. माझाच विश्वास नव्हता. मी चोरून भगताकडे गेले. पोर मेल्यावरही मला माणसांची लाज जास्त वाटली." ती एकदाही अडखळली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं. प्रत्येक शब्द वडिलांचा होता आणि तो ती त्यांच्याकडे बघून बोलत होती. वडील तसेच वाकलेले उभे होते. मग हळूच खाली बसले.

बायका रडल्या. पाळकांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून पापक्षमेची प्रार्थना केली, पाळकबाईंनी तिला मिठी मारली आणि हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. सणाचं प्रभुभोजन त्याच दिवशी होतं. वडिलांनी तबक आणलं. आईनं तुकडा उचलला आणि सावकाश चावून खाल्ला.

घरी आल्यावर वडील दारातच बसले. का उठलीस, मला मोकळं व्हायचं होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आई एरवी आमच्याशी शहरी मराठीत बोले. त्या दिवशी ती तिच्या माहेरच्या अहिराणीत बोलली, ज्यात सगळ्यांना म्हणायचं तर बठ्ठासले म्हणतात. "मन्हं पाप बठ्ठासले माहीत शे, म्हनीसन माले माफी भेटनी. तुमनं पाप कोनलेच माहीत नई. तुमले कोन माफी देई?"

लोक आजही मला सांगतात, तुझी आई किती सोशिक, नवऱ्याला कसं झाकून घेतलं. ज्यांना पुढं खरं कळलं ते असं म्हणतात. मी त्यांना काही सांगत नाही. तिनं त्यांना झाकलं नव्हतं. त्यांना हवी होती ती एकच गोष्ट, सगळ्यांसमोरची क्षमा, तिच्या हातात होती आणि ती तिनं त्यांना मिळू दिली नाही.

वडिलांनी तरीही प्रयत्न केला. त्याच आठवड्यात ते पाळकांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. भगताचं गाव सांगितलं, वाट सांगितली. पाळकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या रविवारी पाळक व्यासपीठावरून म्हणाले की ख्रिस्तासारखी प्रीती काय असते हे मी या आठवड्यात पाहिलं, आपल्यात असा एक नवरा आहे जो बायकोचं पाप स्वतःवर घ्यायला माझ्या दारात आला. लोकांनी वडिलांकडे पाहिलं. ते मान हलवून नाही नाही म्हणत होते, आणि लोकांना ती त्यांची नम्रता वाटली. पाळकांनी त्यांच्यासाठी देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आई माझ्या शेजारी बसली होती, तिनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.