कपाळावरचा हात

पास्टरांनी प्रार्थनेसाठी आईच्या कपाळावर तळहात ठेवला आणि तिला मागे ढकललं. मी दुसऱ्या रांगेत होते, मला स्पष्ट दिसलं. तिच्या आधीच्या चार बायका पाठीवर पडल्या होत्या; असं पडलं की पवित्र आत्मा उतरला, असं आमच्या चर्चमध्ये मानतात. झेलायला माणसं उभीच होती. आईचे गुडघे दुखतात. पडायच्या भीतीने तिने पाय घट्ट रोवले. पास्टर माईकवर म्हणाले, "ह्या बहिणीच्या मनात अविश्वास आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, तरी माझं तोंड उघडलं नाही. त्याचाही राग येतो.

घरी येताना आई म्हणाली, "मी पडायला हवं होतं का गं?"

मला नीट मांडता येत नाही. पण येशूने हात लावला की पडलेली माणसं उठायची, हेच मी लहानपणापासून ऐकलंय. मग त्याच्याच नावाने, दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला चारचौघांत दोषी ठरवायचा अधिकार ह्यांना कोणी दिला?

सोमवारी हॉस्टेलला निघताना मी म्हटलं, "आई, माझ्यासाठी प्रार्थना कर."

"पास्टरांना सांग की. मला कुठला आलाय अधिकार?"

मीच तिचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. भांडी घासून ओला झालेला हात. "प्रभू, हिला सांभाळ," ती पुटपुटली. त्या हाताचं ओझं जराही वाटलं नाही.

येत्या रविवारी मी घरी येणार आहे. आईच्या शेजारी उभी राहणार आहे, पाय रोवून.