एकट्याचं बिल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत बाईंना सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. सव्वीस वर्षं त्या मेकॅनिक लोकांची प्रवासाची आणि जेवणाची बिलं तपासत होत्या. दोन चहांचे कुणी तीन लिहिले की त्यांना लगेच वास यायचा. म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला त्यांच्याच शेजारी बसवलं. बाईंनी नियम सांगायचे, मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. पुढे बिलं आपोआप पास किंवा नापास. बाईंनी सही केली की काम सुरू.

दोन दिवस सगळं झपाट्याने झालं. टॅक्सी फक्त शिडी सोबत असेल तर, वगैरे. तिसऱ्या दिवशी मी माझा लाडका नियम दाखवला: एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून, सारख्या रकमेची दोन बिलं आली तर दुसरं नामंजूर. मागच्या महिन्याची बिलं चालवून पाहिली, तर पडद्यावर लालच लाल. चोर सापडले म्हणून मी खूश!

बाईंनी चष्मा काढला. “अरे, ही चोरी नाही, जोडी आहे. एक वर मशीनपाशी, एक खाली खड्ड्यात. खालचा ओरडल्याशिवाय वरचा बटणाला हात लावत नाही. जेवतात पण एकत्रच.”

साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, “एकाला सूट दिली की रीघ लागते. सही करून टाका, दुसऱ्याचं नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी? दोन महिने तो पदरचे घालेल, तिसऱ्या महिन्यात म्हणेल, आज तू एकटाच जा. माझा भाऊ असाच एकटा गेला होता, दुसऱ्या कंपनीत. आता त्याच्या शर्टाची बटणं वहिनी लावते. उजवा हातच नाही.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब जरा चाचरले, पण मागे हटले नाहीत. “काम अडलं तर वरून विचारणा होईल, बाई.”

“होऊ द्या. माझं नाव सांगा. नोकरी घ्या हवी तर, सही मिळायची नाही.”

साहेब पाय आपटत गेले. मला माझीच लाज वाटली. नियम पुसायला गेलो, तर बाईंनी हात धरला.

“पुसू नकोस, उलटा कर. लिफ्टच्या कामाची दोन बिलं आली तर पास. एकच आलं तर अडव.”

उलट्या नियमाचा कागद मंजुरीला गेला, तो साहेबांनी चार दिवस दाबून ठेवला. बाईंनी चार दिवस एकाही बिलाला हात लावला नाही. साहेबांच्याही नाही. पाचव्या दिवशी कागद मंजूर होऊन आला आणि बाईंनी सही ठोकली.

पहिल्याच आठवड्यात एक बिल अडलं. बाईंनी फोन लावला आणि एवढंच विचारलं, “दुसरा कुठे होता?”